दाराबाहेरून प्रयोगशाळेपर्यंत : डॉ. कमला सोहोनी

आपल्या मंडळाच्या गणपतीत एका दिवशीच्या महाप्रसादाला वालाचे बिरडे ठरलेले असते. त्याची तयारी दोन दिवस आधी सुरू होते. वाल भिजत घालायचे, उपसून फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. गेल्या वर्षी सोलायला बसलेल्या एका शाळकरी मुलीने विचारले, की एवढा खटाटोप कशासाठी, तसेच शिजवले तर काय बिघडेल? तिच्या आजीने वाल बाधतात एवढेच सांगितले आणि पुढचा दाणा सोलायला घेतला. आजीचे बरोबरच होते. पण वालात बाधण्यासारखे नेमके काय असते, हे मुंबईच्या प्रयोगशाळेत ज्यांनी शोधले आणि ते द्रव्य स्फटिकरूपात वेगळे काढून दाखवले, त्या आपल्याच एक मराठी बाई होत्या, हे तिथे बसलेल्या कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही काही वर्षांपूर्वीपर्यंत नव्हते. म्हणून चिटणीसांचा लेखासाठी निरोप आला तेव्हा यंदा विषय शोधावा लागला नाही.

मी काही लेखक नाही. महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य खात्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. नोकरी सीमेपलीकडे पालघर जिल्ह्यात, बिऱ्हाड सिल्वासात. शिक्षण डिप्लोमापर्यंत. रक्त घ्यायचे, तपासायचे, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, हे माझे वीस वर्षांचे काम. मोठ्या शास्त्रज्ञांचे सिद्धांत मला पूर्ण समजतात असा दावा नाही. पण परीक्षानळी हातात धरून उभे राहणे काय असते, एखादी चाचणी करायला हात कसा बसतो, आणि बसला नाही तर काय होते, एवढे मला कळते. कमलाबाईंचे चरित्र मी त्या बाजूने वाचले.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. दुर्गाबाई आपल्या सर्वांना ठाऊक आहेत; १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा, आणीबाणीत न घाबरता बोलणाऱ्या. त्याच घरातली ही दुसरी बहीण मात्र आपल्या घरांत फारशी पोहोचली नाही. साहित्यिकांची नावे आपल्या तोंडी असतात, शास्त्रज्ञांची नसतात, हे आपले जुनेच दुखणे.

भागवतांच्या घरात रसायनशास्त्र आधीपासूनच होते. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून बंगळूरला जी विज्ञान संस्था उभी राहिली, जिला लोक तेव्हा टाटा इन्स्टिट्यूट म्हणत, तिथल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत हे दोघे भाऊ होते. त्यामुळे मुलगी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली, रसायनशास्त्र मुख्य आणि पदार्थविज्ञान दुय्यम असे विषय घेऊन गुणवत्ता यादीत पहिली आली, तेव्हा पुढे कुठे जायचे हा प्रश्नच नव्हता. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच. अर्ज गेला.

अर्ज नामंजूर झाला. कारण गुणांचे नव्हते. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. १९३० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळालेले, आणि संस्थेचे पहिले भारतीय संचालक म्हणून ते १९३३ मध्येच आले होते. मुलींनी संशोधनात पडू नये, ते त्यांच्याच्याने होणार नाही, असे त्यांचे मत. नारायणराव आणि माधवराव दोघांनीही रदबदली केली. उपयोग झाला नाही.

बावीस वर्षांची ही मुलगी मग स्वतः रामन यांच्यासमोर उभी राहिली. केवळ मुलगी म्हणून नाकारता, तर त्याचे कारण सांगा, असा तिचा आग्रह होता. गांधीजींच्या चळवळीचे दिवस होते ते. प्रवेश मिळेपर्यंत इथून हलणार नाही म्हणून तिने संचालकांच्या कार्यालयाबाहेर सत्याग्रह केला. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्षभर ती नियमित विद्यार्थिनी धरली जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तसे रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. संचालकांची खात्री पटल्याशिवाय तिच्या कामाला मान्यता नाही. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये.

शेवटची अट वाचताना मला आजही कसेतरी होते. रामन यांचे मोठेपण कोणी नाकारत नाही, मीही नाही. पण थोर माणसाची चूक ही थोर माणसाची म्हणून लहान होत नाही. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, कारण त्यांना प्रयोगशाळेतले टेबल हवे होते. मात्र तो अपमान त्या विसरल्या नाहीत. पुढे उतारवयात स्त्री-शास्त्रज्ञांच्या एका कार्यक्रमात त्यांनी ते स्पष्ट बोलून दाखवले. नोबेल मिळालेला माणूस असा वागला तर इतरांकडून काय अपेक्षा करायची, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. साठ वर्षे उलटून गेल्यावरही.

आत गेल्यावर त्यांना गुरू मिळाले ते एम. श्रीनिवासय्या. अत्यंत कडक, पण शिकणाऱ्याला हातचे काही राखून न ठेवणारे. पहाटे पाचला काम सुरू, ते रात्री दहापर्यंत. मधे संध्याकाळी टेनिस खेळायला तेवढी सवड. जगभरातल्या जीवरसायनशास्त्रज्ञांचे मूळ लेख श्रीनिवासय्यांनी त्यांच्याकडून वाचून घेतले. केंब्रिजच्या मोठ्या लोकांची नावे कमलाबाईंना बंगळूरच्या ग्रंथालयातच ओळखीची झाली.

पहाटे पाच ते रात्री दहा, हे वाचून कोणाला वाटेल की एवढा वेळ करायचे काय? इथे थोडे प्रयोगशाळेतले सांगतो. कमलाबाईंचा विषय होता दूध आणि कडधान्ये यांतली प्रथिने. डाळीत प्रथिन किती हे मोजण्याची रूढ रीत डेन्मार्कच्या केल्डाल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये दिलेली. डाळीचे पीठ तोलून घ्यायचे, तीव्र गंधकाम्लात तासन्‌तास उकळायचे. काळाकुट्ट रस हळूहळू स्वच्छ होतो. त्यात प्रथिनातला नायट्रोजन उतरलेला असतो. मग त्यात अल्कली घालून अमोनिया वायू करायचा, तो ऊर्ध्वपातनाने पलीकडच्या आम्लात पकडायचा आणि किती पकडला ते ब्युरेटने थेंब थेंब सोडून मोजायचे. आलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणले की प्रथिन.

कागदावर हे पाच ओळींत संपते. टेबलाशी उभे राहिले की कळते, प्रत्येक पायरीला आकडा निसटायला वाट आहे. पीठ तोलताना हवेतला दमटपणा लागतो. उकळताना थेंब उडतो. जोडाच्या फटीतून अमोनिया जातो आणि नाकाला आधी कळतो. ब्युरेटचा शेवटचा थेंब जास्त पडला तर सगळा दिवस वाया. म्हणून एकच नमुना दोनदा करायचा, दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. शिवाय नमुना न घालता नुसत्या रसायनांचीही तीच सगळी क्रिया करायची. त्याला आमच्याकडे ब्लँक म्हणतात. तो आकडा वजा केल्याशिवाय खरा आकडा मिळत नाही.

या ब्लँकची एक आठवण माझ्या गाठीला आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, काम फार साचले म्हणून मी एका सकाळी ब्लँक न लावता कालचाच धरला. रक्तातल्या साखरेचे सगळे आकडे चढे आले. रसायनाची बाटली रात्रभर उघडी राहिली होती. आमच्या वरिष्ठ तंत्रज्ञांनी रजिस्टरवर नजर टाकली, एकाच सकाळी एवढ्या सगळ्यांना मधुमेह कसा झाला म्हणून मला विचारले आणि सगळे नमुने पुन्हा करायला लावले. ओरडले नाहीत. दुपारचे जेवण मात्र राहिले. त्या दिवसापासून माझ्याकडून ब्लँक चुकलेला नाही. हात बसतो तो असा. पुस्तकाने नाही, शेजारी कोणीतरी उभे राहून पुन्हा करायला लावते तेव्हा.

श्रीनिवासय्यांनी कमलाबाईंसाठी हेच केले असणार. आणि नुसते मोजायला शिकून त्या थांबल्या नाहीत. डाळीतला सगळाच नायट्रोजन प्रथिनाचा नसतो. काही भाग सुट्या, बारीक रेणूंतला असतो, आणि तो मिसळला तर डाळीचे प्रथिन आहे त्यापेक्षा फुगून दिसते. प्रथिन आधी साकळवून खाली बसवायचे, वरचे पाणी गाळून घ्यायचे आणि त्यातला नायट्रोजन निराळा मोजायचा. कडधान्यांतल्या या प्रथिनेतर नायट्रोजनावर गुरू-शिष्येचा लेख १९३५ मध्ये ब्रिटनच्या बायोकेमिकल जर्नलमध्ये आला. ज्या देशात बहुसंख्य लोकांचे प्रथिन म्हणजे वरण आणि उसळ, तिथे हा आकडा नुसता शास्त्रापुरता नव्हता. गरिबाच्या ताटात खरोखर काय पडते त्याचा तो हिशेब होता.

वर्षभराने रामन यांची खात्री पटली. कमलाबाई नियमित विद्यार्थिनी झाल्या आणि त्यानंतर संस्थेने इतर मुलींनाही घ्यायला सुरुवात केली. १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम. एस्सी. त्यांनी विशेष गुणवत्तेसह मिळवली.

पुढचा टप्पा केंब्रिज. १९३७ च्या अखेरीस त्या तिथे पोहोचल्या. न्यूनहॅम हे मुलींचे कॉलेज. जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ चे नोबेल मिळालेले. प्रयोगशाळा भरलेली, जागा नाही. तिथली आठवण सांगतात ती अशी, की डेरेक रिश्टर नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने स्वतःचे टेबल दिवसा त्यांना देऊ केले, तो स्वतः रात्री काम करायचा. बंगळूरला दाराबाहेर बसावे लागलेल्या मुलीला इथे कोणी आपले टेबल देत होता. रिश्टर यांच्याबरोबरचे त्यांचे काम १९३८ मध्ये छापूनही आले.

रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. वनस्पती सूर्यप्रकाशात ऑक्सिजन कसा सोडतात यावरच्या प्रयोगांसाठी हे हिल पुढे जगभर नावाजले. त्यांच्याकडे कमलाबाईंनी घेतला बटाटा.

आता बटाट्यात काय शोधायचे? प्राण्यांच्या पेशी श्वसनासाठी सायटोक्रोम नावाची रंगीत प्रथिने वापरतात, हे केंब्रिजमध्येच केलिन यांनी १९२५ च्या सुमारास दाखवले होते. वनस्पतींच्या पेशीतही तीच यंत्रणा आहे का, हा प्रश्न होता. आपण भाजी चिरून ठेवली की बटाटा काळा पडतो, ते घरोघरी माहीत आहे. ते वेगळ्याच एका विकराचे काम. पण संशोधकाच्या दृष्टीने तेच विघ्न. बटाटा वाटला की रस काळवंडतो आणि ज्याच्या शोधात आहोत ते त्या काळ्यात झाकले जाते. थंडीत काम करायचे, वेळ दवडायचा नाही, रस काढायचा, गाळायचा, फिरवून थर वेगळे करायचे. ऑक्सिजन किती शोषला गेला ते मोजायला त्या काळी वॉरबर्गचा मॅनोमीटर असे. पाण्यात हलत राहणाऱ्या काचेच्या छोट्या कुप्या आणि त्यांना जोडलेल्या बारीक नळ्या. नळीतला द्रव मिलिमीटर मिलिमीटर सरकतो तो वाचत बसायचे. ज्यांनी पहाटे पाचपासून ब्युरेट वाचलेली, त्यांना ते जड गेले नसावे.

बटाट्यात त्यांना सायटोक्रोम सी सापडले, आणि वनस्पतींच्या इतर पेशींतही ते असते असे दिसले. म्हणजे श्वास घेण्याच्या बाबतीत बटाटा आणि आपण फार लांबचे नाही. प्रबंध लिहिला तो जेमतेम चाळीस पानांचा. केंब्रिजला पोहोचल्यापासून चौदा महिन्यांत. लोक तीनशे-चारशे पाने लिहितात, आणि ही बाई चाळीस पानांत मोकळी. १९३९ मध्ये पीएच. डी. मिळाली. विज्ञानातली पीएच. डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ मध्ये अमेरिकेत मिशिगनची डी. एस्सी. घेतली होती, तेव्हा पहिली कोण यावर वाद घालणारे घालतात. मला त्यात रस नाही. दोघी आपल्याच. एक गोष्ट मात्र जाता जाता सांगण्यासारखी. त्या वेळी खुद्द केंब्रिजमध्येही स्त्रियांना पदवी नाममात्रच मिळे. पुरुषांच्या बरोबरीने विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व त्यांना १९४८ मध्ये मिळाले. अटी घालणारे फक्त बंगळूरलाच होते असे नाही.

तिथे राहून नोकरी करता आली असती. त्या १९३९ मध्येच परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभाग नव्याने सुरू झाला होता, त्याच्या प्रमुख झाल्या. नंतर निलगिरीत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. आज हैदराबादला जी राष्ट्रीय पोषण संस्था आहे तिचे हे मूळ घर. तिथे जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये विमागणिती एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईला आल्या आणि काळा घोड्याजवळच्या विज्ञान संस्थेत, म्हणजे तेव्हाच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, नव्या जीवरसायन विभागाच्या प्राध्यापक झाल्या. थोड्याच अंतरावर एशियाटिकच्या ग्रंथालयात दुर्गाबाई ग्रंथांच्या राशीत बसलेल्या, आणि इकडे धाकटी बहीण परीक्षानळ्यांत. फोर्टमधल्या त्या दोन इमारतींवरून जाताना मला आता या दोघी आठवतात.

आता आपल्या वालाकडे येतो. आपण खाल्लेले प्रथिन आतड्यात फोडायचे काम ट्रिप्सिन नावाचे विकर करते. वालाच्या दाण्यात एक द्रव्य असते, ते या ट्रिप्सिनला धरून ठेवते आणि काम करू देत नाही. ट्रिप्सिन अडले की प्रथिन पुरते पचत नाही. म्हणजे वालात प्रथिन भरपूर, पण ते पचू न देणाराही त्याच दाण्यात बसलेला. कमलाबाईंनी आपल्याकडच्या खाद्यपदार्थांत असे रोधक कुठे कुठे आहेत ते तपासले, आणि वाल व डबल बीन यांतला रोधक शुद्ध करून त्याचे स्फटिक मिळवले. के. एस. आंबे यांच्यासह त्यांचा हा लेख १९५५ मध्ये नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापला गेला. ज्या सुमारास आपला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटत होता, ऑगस्ट १९५४, त्याच सुमारास मुंबईत हे काम चालले होते. अशी जोडणी करायचा मोह मला आवरत नाही.

एखाद्या प्रथिनाचे स्फटिक करणे हे जीवरसायनात हाताच्या कसबाची परीक्षा समजतात. दाणे दळा, द्रावण काढा, क्षार टप्प्याटप्प्याने घालून एकेक प्रथिन खाली बसवा, नको ते टाका, हवे ते पुन्हा विरघळवा, पुन्हा बसवा. प्रत्येक वेळी थोडे हरवते. शेवटी बाटलीच्या तळाशी चिमूटभर उरते, आणि तेच चुकून ओतले गेले तर पहिल्यापासून. हे सारे करायला त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना शिकवले. बंगळूरला स्वतःला मिळाले तेच पुढे दिले, फक्त दारावरच्या अटी काढून.

बहुतेक रोधक उष्णतेने नष्ट होतात, म्हणून वाल नीट शिजवणे महत्त्वाचे. भिजवण्याने आणि मोड आणण्यानेही फायदा होतो. तेव्हा त्या मुलीच्या आजीने जे केले ते सगळे योग्यच होते, हे मी लेखी देतो. तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करणारी द्रव्येही वालात असतात, त्यांवरही कमलाबाईंच्या विभागात काम झाले. हे वाचून मला विशेष मौज वाटली, कारण अशाच जातीचे एक द्रव्य कुळथात असते आणि ए रक्तगटाचा उपगट ओळखण्यासाठी आमच्या रक्तपेढीच्या मंडळींकडे त्याची बाटली असतेच. कुळथाचे पिठले खाणाऱ्याला हे कुठे माहीत असते?

त्यांचे सर्वांत गाजलेले काम मात्र नीरेचे. मुंबई राज्यात दारूबंदी आलेली, ताडी बंद झाली तर झाडांचे आणि ती काढणाऱ्यांचे करायचे काय, हा प्रश्न होता. न आंबलेल्या नीरेत पोषणाच्या दृष्टीने काय आहे ते पाहावे, असे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सुचवले आणि कमलाबाईंनी ते हाती घेतले.

नीरा आपल्याला नवी नाही. खानवेलच्या बाजूला जा, नाहीतर तलासरी-डहाणूच्या रस्त्याने, ताड आणि शिंदी दिसतातच. रात्री मडके बांधायचे, आतून चुना लावायचा, सूर्य वर येण्याआधी उतरवायचे. ऊन लागले की तिचा स्वभाव बदलतो. झाडाशी उभे राहून पिणाऱ्याला हे सोपे. प्रयोगशाळेत मोजणाऱ्याला नाही. आंबण्याआधी नमुना टेबलावर पोहोचला नाही तर आपण नीरा मोजतो की ताडी, हेच कळणार नाही. नीरेत अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह चांगल्या प्रमाणात असते, आणि ती आटवून गूळ किंवा काकवी केली तरी ती टिकून राहतात, असे त्यांच्या कामातून दिसले. नंतर कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुलांच्या आणि गरोदर बायांच्या आहारात नीरेची जोड देऊन पाहिली, तेव्हा तब्येतीत स्पष्ट सुधारणा झाली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. धानाच्या पिठावरही त्यांच्या विभागाने काम केले.

इथे माझ्यापुरते एक सांगतो. पाड्यांवरून आलेल्या मुलींचे आणि गरोदर बायांचे हिमोग्लोबिन मी रोज मोजतो. सात, साडेसात, कधी सहा. आकडा दोनदा पाहतो, लिहितो, पुढच्याला बोलावतो. ज्या ताडाखालून ती बाई चालत आली असते, त्याच ताडाच्या रसावर सत्तर वर्षांपूर्वी एका मराठी प्राध्यापक बाईंनी काम करून ठेवले आहे, हे कळल्यापासून ते रजिस्टर भरताना हात थोडा थांबतो. नीरा पाजली की सगळे सुटेल इतका मी भाबडा नाही. पण आपल्या पायाखालचे, स्वस्तातले अन्न आधी मोजून पाहावे, ही त्यांची नजर आमच्या खात्यात आजही दुर्मिळ आहे.

आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या दर्जाबाबत त्यांचा सल्ला असे. मुंबईत वाढलेल्या आपल्या पिढीने आरेच्या बाटल्यांतले दूध प्यायले आहे. त्यामागे बंगळूरला दुधातली प्रथिने मोजून तयार झालेला हात होता.

इतके सगळे असूनही त्याच संस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या उशिरा पोहोचल्या. अंतर्गत राजकारण आणि बाई म्हणून मनात धरलेली अढी, यांत हक्काची चार वर्षे गेली. १९३३ मध्ये संचालकांच्या दारात बसावे लागले, आणि पुढे स्वतः संचालक होतानाही दारातच थांबावे लागले. सरकारी नोकरीत बढतीची वाट पाहणे काय असते हे मला माहीत आहे, पण त्यांचे थांबणे वेगळ्या कारणाचे होते. शेवटी त्या संचालक झाल्या. एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेची संचालक बाई असणे तेव्हा अपूर्वच होते, आणि केंब्रिजच्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनाही त्याचे मोठे कौतुक वाटले.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ मध्ये मुंबईत काही गृहिणींनी मिळून ग्राहक मार्गदर्शन सोसायटी सुरू केली होती, तिच्यात त्यांनी आपले ज्ञान आणले. भेसळ आणि ग्राहकांची सुरक्षितता यांवर त्या सोसायटीच्या कीमत या नियतकालिकात लिहीत. १९८२-८३ मध्ये त्या सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. नेचरमध्ये लेख छापून आलेल्या बाई, आणि आता घरातल्या डब्यांत काय मिसळलेले आहे हे बायकांना समजावून सांगत होत्या. मला वाटते त्यांच्या दृष्टीने दोन्ही एकच काम होते.

यंदा आपल्या मंडळातली एक मुलगी जीवरसायन घेऊन एम. एस्सी.ला गेली आहे. पहिल्या महिन्यात तिने घरी फोन केला तो रडवेल्या आवाजात. दोन काचेच्या वस्तू फुटल्या, तीन दिवस आकडे जुळले नाहीत, सगळे सोडून यावेसे वाटते म्हणाली. तिच्या वडिलांनी फोन माझ्याकडे दिला. मी तिला कमलाबाईंचे काहीच सांगितले नाही. तेव्हा ते ऐकण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती. ब्लँक लावला होतास का, एवढेच विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, आकडे जुळले.

हा लेख मी तिच्यासाठीही लिहिला आहे. गणपतीला चार दिवस घरी येईल तेव्हा वाचेल.

कमलाबाईंचे उरलेले थोडे सांगतो. त्यांच्या कामाची सरकारदरबारी म्हणावी तशी दखल कित्येक वर्षे घेतली गेली नव्हती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या प्रमुखपदी तेव्हा डॉ. सत्यवती ही एक स्त्री होती. तिने त्यांच्याविषयी वाचले आणि सत्कारासाठी त्यांना दिल्लीला बोलावले. वर्ष १९९८. कमलाबाईंनी वयाची पंच्याऐंशी ओलांडलेली होती, तरी त्या गेल्या. सभागृहात त्यांच्या कामाचा गौरव झाला, लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्याच समारंभात त्या कोसळल्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दिल्लीत त्यांचे निधन झाले.